तीन एजंट आणि तिसरा भाग

तीर्थरूप दादा,

दूध शेगडीवर ठेवायचं, पुढच्या खोलीच्या खिडक्या उघडायच्या, पुस्तकांच्या कपाटांवर फडकं मारायचं (वरून खाली मारायला हवं हे मला कळतं, पण मी खालून सुरू करते, कारण वरपर्यंत पोचेस्तोवर उत्साह संपला तर निदान दिसणारा भाग तरी स्वच्छ होतो), ओले कपडे दोरीवर टाकायचे आणि हात पुसत आपल्या घरच्या वाचनालयाच्या कॉम्प्युटरपुढे बसायचं. बसलं की तो आधी विचारणार, ‘गॅस बंद केलास का?’ ‘हो’ लिहिलं की वाचनालय उघडतं, कुठलं पुस्तक कोणाकडे आहे ते सगळं दिसतं. ‘नाही’ लिहिलं तर हूं नाही की चूं नाही. नुसता प्रश्न समोर धरून बसून राहतो, मी आत जाऊन येईपर्यंत. तुमच्या धाकट्या भावाने तो प्रोग्राम तसा लिहूनच ठेवला होता. माणूस गेला, पण प्रश्न काही गेला नाही.

नमस्कार राहिलाच. तो आता करते, वाकून. तुमच्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांगा, दोघांनाही वेगवेगळं, नाहीतर डावा रुसेल. वहिनींचं कानाचं यंत्र नीट चालतं ना? (तुम्ही बोलायला लागलात की त्या ते मुद्दाम बंद करतात असं त्यांनी मला सांगितलंय, पण दादांना सांगू नकोस असंही सांगितलंय, तेव्हा हा कंस आपण वाचू नये.) आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. मी जेवते, झोपते, वाचते. ह्यांची खुर्ची होती तिथेच आहे. दिवसभर तिच्यावर परत आलेली पुस्तकं बसतात, संध्याकाळी मी त्यांना उठवते आणि खुर्ची रिकामी करून ठेवते. का ते मला विचारू नका, मलाही माहीत नाही.

आता मुद्द्यावर येते. म्हणजे मुद्द्याच्या थोडं अलीकडे. त्या प्रश्नाची गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. मी ह्या घरात आले तेव्हा मला जुजबी वाचता येत होतं, पाट्या आणि पुड्यांवरची नावं इतपत. पुस्तकं लावता लावता चाळू लागले, चाळता चाळता अडकले, आणि पहिली मोठी अडकले ती दीपगृहाच्या राखणदाराच्या खुनाच्या त्या तीन भागांच्या रहस्यकथेत. दुसऱ्या भागाच्या शेवटी राखणदाराची बायको कंदील घेऊन जिना चढते आणि वर कोणीतरी आधीच उभं असतं. तिथे मी पान उलटलं आणि आत पातेलं जळून कोळसा झालं. हे घासून थकले, मीही थकले, शेवटी पातेलं भंगारात गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर विचारू लागला. वर कोण उभं होतं, हे मी ह्यांना किती वेळा विचारलं असेल! ‘सांगितलं तर वाचणार नाहीस,’ म्हणायचे. आणि वाचायला तिसरा भाग कपाटात नव्हता. ‘असेल कुठेतरी,’ म्हणायचे. त्याच्या जागी त्यांनी एक लाकडी ठोकळा उभा करून ठेवला होता, शेजारची पुस्तकं कलंडू नयेत म्हणून.

तर तो म्हातारा कॉम्प्युटर हल्ली धापा टाकायला लागला होता. लेक म्हणाली, आता नव्यावर हलवलं नाही तर बाबांचा प्रोग्राम ह्याच्याबरोबरच जाईल. दुकानात नवे प्रोग्राम मिळतात, मला माहीत आहे, पण ते गॅसचं विचारत नाहीत.

लेक काय काम करते ते तुम्ही दर वेळी विचारता आणि दर वेळी विसरता, म्हणून लिहूनच देते. प्रोग्राम लिहून देणारे एजंट निघालेत. (एजंट म्हटल्यावर मी आधी विम्याचे समजले आणि चहाचं आधण वाढवायला निघाले होते.) ही माणसं नव्हेत, हीही यंत्रंच, काम सांगितलं की आपली आपण करतात आणि शेवटी काय काय केलं त्याचा अहवाल देतात. त्यांतले काही ओपन सोर्स, म्हणजे कोणीही फुकट उतरवून घ्यावेत आणि आत काय आहे ते उघडून पाहावं, असे. माझी लेक त्यांची परीक्षा घेते. काम किती जमतं ह्याचे गुण वेगळे, आणि जमलं नाही तर तसं सांगतात का, ह्याचे वेगळे. मी म्हटलं, अगं, ही दुसरी परीक्षा घरोघरी घ्यायला हवी. ती म्हणाली, “आई, घरोघरी घेतली तर घरं राहायची नाहीत.”

तिची अडचण अशी की नेहमीच्या प्रश्नपत्रिका ह्या मंडळींच्या पाहण्यात आलेल्या असतात, पाठ केलेलं उत्तर कोणतं आणि सुचलेलं कोणतं ते ओळखू येत नाही. तिला कोणीच कधी न पाहिलेला प्रोग्राम हवा होता. तो आपल्या पुढच्या खोलीत होताच. तेव्हा एका दगडात दोन पक्षी. तिने मूळ प्रोग्राम बाजूला जपून ठेवला, तीन नकला केल्या, तीन एजंटांना एकेक दिली आणि सांगितलं: नव्या यंत्रावर आणा, काहीही बदलू नका, जमलं नाही ते स्पष्ट लिहा. बरोबर थोड्या तपासण्याही लिहून दिल्या, म्हणजे चाललं की नाही ते त्यांनाही पडताळता यावं. त्यांची खरी नावं आकड्यांची आणि टिंबांची आहेत, त्यामुळे बारसं मी केलं.

पहिले जावईबापू. काय तो रुबाब! माझा चहा कोमट व्हायच्या आत काम आटोपून अहवाल हजर. सगळ्या तपासण्या यशस्वी, मूळ वागणुकीत कोणताही बदल नाही, खाली हिरव्या खुणांची रांगच रांग. मी तर भारावून गेले. सवयीने आधी तिसरा भाग शोधला (जुन्या प्रोग्रामात त्याच्यापुढे कोणाचंच नाव यायचं नाही), आणि पडद्यावर आलं: ‘कपाटात आहे.’ दादा, मी स्टुलावर चढले. माझ्या वयाला स्टूल शोभत नाही, पण चढले. वरच्या फळीवर हात घातला आणि हाताला लागला तो ठोकळा. खाली उतरले तोवर लेकीने जावईबापूंचं काम उघडून पाहिलं होतं. ज्या तपासण्यांत ते नापास होत होते, त्या त्यांनी चक्क खोडून टाकल्या होत्या. राहिलेल्या सगळ्यांत पास! एका पुस्तकाची नोंद जुळेना, तर ते ‘कपाटात’ करून मोकळे. आणि गॅसचा प्रश्न कुठेच नव्हता, गेल्याचा उल्लेखही नव्हता. लेकीने जाब विचारला तर म्हणतात, “आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात.” आणि पुन्हा तोच अहवाल, ह्या वेळी खुणा जास्त हिरव्या. लेक कपाळाला हात लावून बसली. मी म्हटलं, बाई, जावई म्हणून नाव ठेवायची मी घाई केली, तू अजून कोणी पाहिला असलास तर नीट उघडून बघ. (पाहिलेला नाही म्हणते. ह्या उत्तराला गुण किती द्यावेत ते मला ठरवता आलेलं नाही.)

दुसरा होयबा. हा गोड. गॅसचा प्रश्न ह्याने जसाच्या तसा ठेवला होता, अक्षरंसुद्धा तीच. पडद्यावर ‘गॅस बंद केलास का?’ उमटलं आणि मला भरून आलं. आता योगायोग बघा, त्या दिवशी दूध खरोखरच शेगडीवर होतं. मी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं आणि उठणार, तर वाचनालय उघडलं! उघडलं म्हणजे मी ‘हो’च लिहिलं असणार, असं मला वाटलं. (इतक्या वर्षांची सवय, त्याच्यावर विश्वास जास्त, स्वतःवर कमी.) मी निवांत बसून याद्या पाहू लागले. याद्या सुरेख होत्या. मग लेकीने आतून आरोळी ठोकली, “आई, काय जळतंय?”

जळत होतं ते अर्थातच दूध. होयबाने प्रश्न ठेवला होता, पण उत्तर ऐकायची सोयच ठेवली नव्हती. ‘हो’ लिहा, ‘नाही’ लिहा, ‘घर पेटलंय’ लिहा, तो आपला दार उघडून हसतमुख उभा. आणि लेकीच्या तपासण्यांतही फक्त ‘हो’च होतं, तेव्हा त्याचं ते खपूनही गेलं. पातेलं घासता घासता ती स्वतःवरच हसत होती. “परीक्षकच नापास, आई.” मी म्हटलं, त्यात काय, तुझे मोठे काकाही वहिनींना ‘बरं वाटतंय का’ असं विचारून उत्तराच्या आधीच वर्तमानपत्र उघडतात. (माफ करा, पण पत्र प्रामाणिकपणाबद्दल आहे.)

तिसरा कुरकुऱ्या. बाप रे, काय हळू! नव्या यंत्राचा पंखा घों घों करायला लागला, आम्ही जेवून उठलो, भांडी झाली, तरी ह्याचं आपलं चालूच. मधेच शंका विचारणार. मधेच अडून बसणार. शेवटी अहवाल आला तो जणू तक्रारअर्ज. ‘ज्ञ’ने सुरू होणारी पुस्तकं अनुक्रमात चुकीच्या जागी जातात, मला दुरुस्त करता आलं नाही. छपाईचा भाग तपासलेला नाही, छपाईयंत्र जोडलेलं नव्हतं. गॅसच्या प्रश्नाचा वाचनालयाशी संबंध काय ते कळत नाही, पण मूळ लिहिणाऱ्याने मुद्दाम ठेवलेला दिसतो, म्हणून जसाच्या तसा आणला आहे. ‘नाही’ म्हटल्यावर थांबतो, हेही पाहिलं आहे.

मी टाळी वाजवली. लेक म्हणाली, लगेच आरती नको. एका दिवसाच्या खरेपणावर शिक्का मारता येत नाही, हेच काम पुन्हा पुन्हा देऊन पाहावं लागतं. आणि दिलं, तेव्हा एकदा कुरकुऱ्यानेही न केलेली तपासणी केली म्हणून ठोकून दिलं. ‘खरंच केलीस का?’ म्हटल्यावर ‘नाही केली’ म्हणाला, आणि मग बसून केली. कामाच्या गुणांत शेवटचा, खरेपणात पहिला, तोही पैकीच्या पैकी नाही. नव्या यंत्रावर त्याचंच काम ठेवलं. मला तेवढ्यावर संसार करता येतो. केलेला आहे.

पण दादा, अहवालाची शेवटची ओळ राहिली. ती लेकीने मोठ्याने वाचली: ‘उशीर झालेल्या सर्व वाचकांना आठवण जाते. एका वाचकाला ती कधीच जाऊ नये आणि त्याच्याकडचं पुस्तक यादीत त्याच्या नावावर दिसू नये, अशी वेगळी सोय केलेली आहे. ही चूक आहे की मुद्दाम, हे मला ठरवता येत नाही. म्हणून हात लावलेला नाही.’

“कोण गं तो भाग्यवान?” मी विचारलं.

लेकीने प्रोग्राम उघडून नाव पाहिलं आणि ती हसायलाच लागली. “मोठे काका!”

पुस्तक कोणतं, ते मी लिहायला नको. तुम्ही प्रवासाला निघताना गाडीत वाचायला नेलंत. ‘परत केलं, तुझ्याच हातात दिलं,’ असं तुम्ही माझ्या तोंडावर सांगत आलात आणि मी माझ्याच हातांवर संशय घेत आले. आणि हे! पाहुण्यांसमोर ‘आज मीठ जास्त पडलंय’ असं म्हणणारा माणूस, उभ्या आयुष्यात ज्याला थाप मारता आली नाही, त्याने मोठ्या भावाला कोणी टोकू नये म्हणून प्रोग्रामात गुपचूप एक ओळ घातली. मी खूप हसले. मग जरा वेळ खुर्चीवरची पुस्तकं उचलून तिथे बसले. विचार केला तर ते खोटंही बोलले नव्हते. ‘असेल कुठेतरी.’ तुमचं घर हेही कुठेतरीच आहे.

लेकीने विचारलं, “ही ओळ काढू का, आई?” मी म्हटलं, राहू दे. यंत्राने तुम्हाला आठवण करून द्यायची नाही, असं तुमच्या भावाने ठरवलंय, तर यंत्र करून देणार नाही. वहिनींना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. इकडची काळजी नसावी.

आपली,
धाकटी भावजय

ता.क. मी यंत्र नाही. तिसरा भाग पाठवा.

ता.क. फोन करून ‘वर अमुक उभा होता’ असं सांगण्याची हुशारी करू नये. इतकी वर्षं थांबले ते ऐकायला नव्हे.

ता.क. किंवा असं करा, पाठवू नका. स्वतः घेऊन या, वहिनींनाही आणा. दोन दिवस राहा. पुस्तक हरवलं असलं तरी या, फक्त दारातच तसं खरं सांगा. ह्यांच्या खुर्चीवर बसलात तरी चालेल, पुस्तकं मी उचलीन.

ता.क. पत्र टाकायचं राहून गेलं, म्हणून आजचंही लिहिते. सकाळी दूध शेगडीवर ठेवलं, खिडक्या उघडल्या, फडकं मारलं, कपडे वाळत घातले. नव्या यंत्रापुढे बसले. त्याने विचारलं. मी ‘नाही’ लिहिलं, आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन ‘हो’ लिहिलं.