उकिडवं बसायचं नाही

६ नोव्हेंबर

पोचले एकदाची. च्याओ काकूंचं घर ऐसपैस. झोपायचा विटांचा ओटा खालच्या चुलीनं छान शेकलेला, वर कोरी रजई. आल्या आल्या राळ्याची पेज, त्यात लाल बोरं. दादाला किती दिवस मुलगी मिळत नव्हती, आता काकूंनीच आपली लेक दिलीय. आई म्हणाली, वसंतात तुझं ऑपरेशन, तोवर व्याह्यांकडे मस्त लोळ.

माझ्या हृदयात जन्मापासून भोक, त्यात फुफ्फुसांकडची वाट चिंचोळी. मग निळं रक्त शुद्ध न होताच अंगभर हिंडतं. शाळेत मला वांगं म्हणायचे. काकू मात्र म्हणाल्या, ओठ किती शोभतात गं तुला.

११ नोव्हेंबर

अंगणात धाप लागली. मी नेहमीसारखी उकिडवी बसले. गुडघे पोटाशी घेतले की पायांकडचं रक्त अडतं, फुफ्फुसांना जास्त मिळतं. हे मला डॉक्टरांच्याही आधीपासून ठाऊक आहे. काकूंनी दंड धरून उभं केलं. पोरीच्या जातीला असं बसणं शोभत नाही म्हणे. नखं काळीनिळी होईपर्यंत सोडलं नाही. मला भयंकर राग आला.

१७ नोव्हेंबर

काकूंनी लाल झग्याचं माप घेतलं, तेही मला आडवं झोपवून. शेजारीण विचारत होती, हीच का आपल्या युनशानची? काकूंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. युनशान त्यांचा मुलगा, शहरात असतो म्हणाल्या होत्या.

२१ नोव्हेंबर

माझ्या गोळ्या नाहीत. काकू म्हणते, आणल्याच नव्हत्यास.

युनशान शहरात नाही. मागच्या खोलीत त्याची तसबीर, पुढे उदबत्ती. शेजारी माझा फोटो. तो फोटो फक्त आईकडे होता.

२२ नोव्हेंबर

लग्नाआधी मेलेल्या मुलाशेजारी मेलेली नवरी पुरतात. ऐकून होते, म्हाताऱ्यांच्या गप्पा वाटायच्या.

साटंलोटं. त्यांची लेक दादाला, मी युनशानला. ऑपरेशन कधी ठरलंच नव्हतं. आईनं फसवलं मला. परक्यानं नाही, माझ्या आईनं —

२३

दार बाहेरून बंद. तो लाल, नवरीचा झगा त्यांनी अंगावर चढवला. बसू देत नाहीत — काकू, शेजारीण, दोघी धरून —

आता एकटी. भिंतीशी उकिडवी. जरा बरं —

आई आली. रडतेय. वाटलं, न्यायला —

जवळ बसली. केसांवरून हात. म्हणतेय घाबरू नको बाळा, थोडंच राहिलंय. माझे गुडघे धरलेत. पाय सरळ क