घास उतरला!

२ डिसेंबर २०२४

आजाराचं नाव कळलं! सात वर्षं आई म्हणतेय, "प्रिया, नीट चावून खा गं." चावण्याचा दोषच न्हाय! अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज आहे. मागच्या महिन्यात लग्नाच्या पंगतीत पुरीचा घास छातीत अडकला, पाणीसुद्धा खाली जाईना. आई-अप्पांनी गाडी काढून सोलापूरला नेलं. डॉक्टरबाईंनी दुर्बिणीनं घास काढला आणि नळीच्या अस्तराचा बारीकसा तुकडा तपासायला पाठवला.

आज बाई म्हणाल्या, "दुधाचा संशय आहे. दोन महिने दूध बंद. मग पुन्हा बघू." सूज राहिली तर नळी आखडत जाते म्हणे. भीती वाटली. पण मी नाटकं करत नव्हते, हे सिद्ध झालं!

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

सणाला अख्खं मुरूम गाव शेतात! कडब्याची कोपी उभारून तिच्यात पूजा, मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील. अप्पांनी स्वतः मला चार पेले आंबील ओतली. दुधाचा थेंब न्हाय तोंडात — शब्दाची पक्की आहे मी! भज्जीसोबतचा बाजरीचा उंडा मात्र अडकला. कुणाला सांगितलं नाही.

२८ जानेवारी २०२५

सूज जशीच्या तशी. रडूच आलं. डॉक्टरबाईंनी रोजचं खाणं विचारलं. सांगितलं — सकाळी भाकरी-ताक, दुपारी दही-चटणी, सणाला आंबील...

"थांबा. आंबील कशात करता?"

"ज्वारीचं पीठ आणि ताक."

"आणि ताक कशाचं?"

मी अप्पांकडं बघितलं. अप्पाच म्हणाले, "पर म्याडम, आमच्यात ताकाला दूध कुणीच म्हणत न्हाय!"

बाई इतक्या हसल्या! मी पण, डोळे पुसत. आता दही, ताक, लोणी, तूप — सगळंच बंद. पुन्हा दोन महिने.

५ मार्च

भाकरीचा कडक पापुद्रा. पाण्याविना. गेला! सरळ गेला! मी अशी ओरडले, आईला वाटलं नोकरीच लागली.

२९ मार्च

रिपोर्ट आला. सूज गेली!! "दूधच कारण होतं. आता कायम पाळायचं." पाळीन की! एवढंच ना!

३० मार्च, पाडवा

तीन पुरणपोळ्या. कोरड्या, कटाच्या आमटीबरोबर. सगळ्यांच्या बरोबरीनं ताटावरून उठले. लई म्हणजे लई आनंद झालाय.

१ एप्रिल

अप्पांनी गोठ्यात बोलावलं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "मलाबी अडकतंय गं. तुझ्या जन्माच्या आधीपासनं. मला वाटलं, समद्यांनाच आसं होत आसंल."

सोमवारी त्यांचा नंबर लावलाय.