उर्वशीची पांढरी साडी

धम्मरत्न, जयभीम.

चौदा एप्रिलला संध्याकाळी सात वाजता समतेवर भाषण देऊन तू मंचावरून उतरलास आणि पांढरी साडी नेसून वंदनेला आलेल्या आपल्या उर्वशीला केस धरून विहाराबाहेर फरफटत नेलंस.

"माहा पोरगा पुन्हा साडीत दिसला तं जित्ता जाळीन त्याले!" असं ओरडलास.

कॉन्व्हेंटमध्ये मला शिव्या शिकवल्या नाहीत, म्हणून वाचलास.

मी घराला कुलूप लावून तिला दुसऱ्या गावी आणलंय. बाहेर मोटारसायकल थांबली की ती न्हाणीघरात लपते आणि तुझी ही म्हातारी बहीण विळी घेऊन दाराशी उभी राहते.

तिला हात लावणार नाहीस, हे सोमवारपर्यंत लेखी कळव.

पत्ता मात्र कसा लिहू? उत्तराऐवजी तूच येशील.

तुझी ताई