पत्र्यावरचे आप्पा

शिरूर, मंगळवार, संध्याकाळ

धातूच्या पत्र्यावर एक फोटो छापून घेणे हे अश्वमेधाहून अवघड कर्म आहे. शिरूरच्या स्टुडिओतला नमुना इतका चकाकतो, की त्यात आप्पांऐवजी समोरची ट्यूबलाइटच दिसेल. म्हणून आज दौंड गाठलं. तिथल्या दुकानदाराने माझ्या वडिलांच्या फोटोला न विचारताच स्क्रीनवर चंदनाचा हार घातला आणि म्हणाला, “आप्पा कवा गेले, गुरुजी?”

“गेले न्हाईत. घरी शेंगा फोडत बसलेत.”

“मग एवढी घाई कशाला हो?”

काम न देताच उठून आलो. धडधाकट बसलेल्या माणसाला हार घालतो म्हणजे काय? डोकं अजून तापलेलंच आहे. पण हारापेक्षा त्याचा तो प्रश्न जास्त झोंबला. घाई मला आहेच. धडधाकट कसले, आप्पा दिवसेंदिवस खंगत चाललेत. ते आता फार दिवस नाहीत, असं मला वाटतंय.