डुक्कर समजून

आबा, तुमच्या बंदुकीचा विषय पुन्हा निघाला आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, बंदूक तर त्याच्याही आधी गेली, आणि मी समजून चाललो होतो की आता ते सगळं मिटलं. मागच्या रविवारी धाकट्याचा फोन आला. मी इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसलो होतो. सुट्टीच्या दिवशी ते काम माझ्याकडे असतं, आणि तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. "दादा, सरकार बंदुकीचे नियम बदलतंय," तो म्हणाला. "शेतीराखणीचे परवाने सोपे करणार. मसुदा काढलाय, हरकती-सूचना मागवल्यात. पूर्वी ज्यांचे परवाने रद्द झाले त्यांच्या वारसांनाही अर्ज करता येईल, असं तालुक्याला बोलतायत." त्याचा आवाज इतका उत्साहाचा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. डुकरांनी त्याला अगदी रडवलं आहे, आबा. खालच्या मळ्यातली रताळी उकरून जमीन नांगरल्यासारखी केली, आणि भात कापायला गेला तेव्हा अर्ध्या शेतात नुसता चिखल आणि तुडवलेला पेंढा. "पुढच्या साली पण असंच झालं तर जमीन पडीक टाकतो आणि तुझ्याकडे येतो," म्हणाला. "लाव मला तिकडे कुठे गोदामात." तो हे हसत म्हणाला, पण पन्नाशीला टेकलेला माणूस असं हसत म्हणतो तेव्हा ते खरंच असतं.

मग मुद्द्यावर आला. परवाना रद्द का झाला होता, ते अर्जात लिहावं लागणार आहे म्हणे. शिकारीसाठी बंदूक वापरली असेल तर अर्ज बाद. राखण करताना चुकून काही झालं असेल तर विचार करतील. "तू त्या दिवशी घरी होतास," तो म्हणाला. "मी आत्याकडे शाळेला. तू लिहून दे, की आबा राखणीला गेले होते आणि त्यांनी डुक्कर समजून बार काढला. तिकडे सही-शिक्का करून पाठव. तुझ्याशिवाय दुसरं कोण सांगणार?" मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि मेथीचे देठ भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकत राहिलो. बायकोने ते पाहिलं आणि जुडी माझ्या हातातून काढून घेतली. लेक सोफ्यावर होती, तिने सगळं ऐकलं होतं. "बाबा, ग्रँडपा वॉज अ हंटर? लाइक, विथ अ रिअल गन? दॅट्स सो कूल." मी म्हणालो, "एकदाच." चार दशकं होत आली, आणि तुमच्या नातीलासुद्धा मी तेच सांगितलं. मला माझी लाज वाटली, आबा, आणि ती वाटतच राहिली आहे.

तुम्ही तर त्या बंदुकीला कधी बंदूकसुद्धा म्हणत नव्हतात. "राखण घेऊन ये," म्हणायचात. माजघरातल्या खुंटीवर ती ठासणीची एकनळी टांगलेली, तुम्ही तिला दर अमावास्येला खोबरेल लावायचात, आणि निवडणूक आली की जुन्या गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचात, पावती टोपीच्या घडीत ठेवून परत यायचात. पाहुण्यांपैकी कोणी म्हटलं की चला एकदा सशाच्या मागे, तर तुमचं उत्तर ठरलेलं: ही राखणीची आहे, शिकारीची नाही. डुकरं आली तरी तुम्ही नळीत नुसती दारू ठासून वर आवाज काढायचात. मला ते बावळटपणाचं वाटायचं. एकोणीस वर्षांचा होतो, वाडीतल्या दोघा मित्रांपुढे मला तुमची ती भाषा सांगायलासुद्धा संकोच वाटायचा.

त्या पहाटे तुम्हाला ताप होता. अंगावर घोंगडी, दात वाजतायत, आणि तरी तुम्ही दारू मोजून माझ्या हातात देता. "वर एक बार काढ, पुरे. जातात ती." छर्रे तुम्ही दिले नव्हतेत. ते मी तुमच्या डब्यातून आदल्या दिवशीच काढून खिशात घातले होते. वाडीतले ते दोघे बांधावर वाट पाहत होते. आम्ही मळ्यात पोहोचलो, नळी भरली, गजाने ठासली, आणि करवंदीच्या जाळीकडे तोंड करून बसलो. जाळीपाशी काहीतरी हललं. मी बार काढला. धूर निवळल्यावर ते दोघे ओरडत धावले. ते भेकर होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते लिहायचं आहे. दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पेज पीत बसला आहात. त्यांतला एक मित्र मागच्या दाराने येतो आणि सागाच्या पानांत बांधलेलं मटण आईच्या पुढ्यात ठेवतो. "काकी, हा बंदुकीचा वाटा." बार ज्याचा त्याच्या घरी मानेचा वाटा जातो, ही आपल्याकडची रीत. त्या गाढवाने मोठ्या प्रामाणिकपणे ती पाळली. आई चुलीपाशीच थबकली. तुम्ही पेज खाली ठेवलीत, पान उलगडलंत. एका तुकड्याला तांबूस केस चिकटले होते. "हे डुकराचं नाही," तुम्ही म्हणालात. मित्र पसार झाला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता पायताण निघतंय. पण तुम्ही हळू आवाजात एवढंच विचारलंत, "डुक्कर समजूनच काढलास ना?" मी म्हणालो, "हो." "मग झालं," तुम्ही म्हणालात, आणि उरलेली पेज प्यायलात.

तासाभराने फॉरेस्टचा गार्ड आला. वाडीतून कोणीतरी कळवलं होतं. माझा पासपोर्टचा अर्ज तेव्हा पोलीस चौकशीवर अडलेला. तुम्ही तापात उभे राहिलात, भिंत धरून. "बार माझा," म्हणालात. "डुक्कर समजून काढला." माझंच वाक्य होतं ते, जसंच्या तसं. मी तुमच्या मागे उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बंदूक गेली, परवाना रद्द झाला, तीन वर्षं तुम्ही तालुक्याच्या कोर्टात तारखांना जात राहिलात. मला रागवलात ते फक्त एकदा, तेही बंदूक नेल्यावर. "पुन्हा राखणीला हात लावायचा नाहीस," म्हणालात, मग रिकाम्या खुंटीकडे बघून, "लावायला राहिलीच कुठे म्हणा." त्यानंतर गावात तुमचं नावच पडलं. चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीत कोणीतरी ओरडलं, "शिकाऱ्याला तंगडी वाढा रे!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी तुमच्याच रांगेत, चार पानं सोडून, मान खाली घालून वरणभात कालवत होतो.

पासपोर्ट स्वच्छ निघाला. मी निघालो त्या दिवशी बॅगेचं कुलूप तुटकं होतं, म्हणून तुम्ही बंदुकीचा चामडी पट्टा आणून बॅगेला आवळून बांधलात. बंदूक नेली तेव्हा तुम्ही तो तेवढा काढून ठेवला होतात. "असू दे, मजबूत आहे," म्हणालात. अजून आहे तो. इथल्या कपाटात वरच्या फळीवर, हिवाळ्याच्या रजयांच्या मागे. रजया काढताना दरवर्षी हाताला लागतो, आणि दरवर्षी मी तो आणखी मागे सारतो.

मंगळवारी रास अल खोरला आमच्या गोदामाशेजारच्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. धाकट्याने सांगितलं तसंच लिहायचं ठरवून गेलो होतो, खोटं बोलणार नाही. टाइप करणारा हैदराबादचा, घाईत. "बोलो भाई, क्या लिखना है? जल्दी, यल्ला." मी सुरुवात केली, माझे वडील अमुक दिवशी राखणीला गेले होते, आणि तिथेच अडकलो. पंगतीतलं ते हसणं आठवलं. मी म्हणालो, "काटो उसको. लिखो, गोली मैंने चलायी थी. फादर घर पे थे, बुखार था." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पक्का ना? बाद में बोलोगे चेंज करो." मी म्हणालो, पक्का. त्याने टाइप केलं आणि विचारलं, "क्यों चलायी, वो भी लिखना पडेगा." मी सांगितलं. त्याने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं: गोळी मुलाने चालवली, वडिलांनी आपल्या अंगावर घेतलं, राखण करताना रानडुक्कर समजून चूक झाली. "खलास?" मी म्हणालो, "खलास."

मोबाईलवर कागद पाठवला आणि मग धाकट्याला फोन केला. त्याने कागद वाचून काढला. मग म्हणाला, "आबांनी आईला तरी सांगितलं होतं का?" मी म्हटलं, आईला पहिल्यापासून माहीत होतं. "आणि मी शाळेत मारामाऱ्या केल्या रे, त्यांना शिकारी म्हटलं म्हणून," तो म्हणाला. मी माफी मागितली. तो तुमचाच मुलगा, आबा. शिवी देईल असं वाटलं होतं, त्याऐवजी समजूत काढायला लागला. तू तेव्हा पोर होतास, म्हणाला. आता आबांचं नाव तरी धुऊन निघेल, कागद खरा आहे तर कदाचित अर्जही पास होईल. आणि फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, अगदी तुमच्यासारखं, हळू आवाजात, "दादा, डुक्कर समजूनच काढलास ना?"

मी म्हणालो, "हो."

आता हे तुम्हाला लिहितो आहे, कारण हा कागद कुठे जायचा नाही. पट्ट्यासोबत वरच्या फळीवर जाईल. त्या पहाटे चांगलं उजाडलं होतं, आबा. धुकं नव्हतं. ते जाळीतून बाहेर आलं, कान टवकारून उभं राहिलं आणि माझ्याकडे बघत राहिलं. ते भेकर आहे, हे मला दिसत होतं.