खोळ घाल म्हटलं, खोल नाही

समता कॉलनी, रायपूर

प्रिय कमलाताई,

सरलाचा सप्रेम जयभीम. आम्ही सगळे मजेत आहोत. तू पहिले पाठीशी उशी घेऊन नीट बस अन् मग पुढचं वाच. तुझ्या गुडघ्याचं मी मुद्दामच विचारत नाही, कारण तुझ्या विराजचा फोन आला होता. डॉक्टरनं दिलेली काठी तू दारामागं उभी करून ठेवली, अन् काठी घेतली की लोक म्हातारी म्हणतात म्हणून घराबाहेर पडणंच सोडलं, विहारातसुद्धा जात नाहीस, असं तो म्हणे. (पोट्ट्यावर चिडू नको, त्याचा जीव तुटते म्हणून बोलला.) मी त्यावर एक शब्द लिहिणार नाही. माझंच रडगाणं सांगते.

तर मले सध्या खोळी शिवायचा नाद लागला. साक्षीच्या (म्हणजे माझ्या नातीच्या) शाळेच्या प्रोजेक्टातलं फेल्टचं कापड उरलं होतं. जाडं, मऊ, कापलं तरी धागे निघत नाहीत. म्हटलं, फेकायचं काहून? पहिले चष्म्याले खोळ शिवली, काठाले काजटाका घातला, वर एक पिवळं फूल लावलं. मग हात काही थांबेना. मोबाईल, कात्री, मिठाचा डबा, सगळ्याईले झगे झाले. यांच्या टीव्हीच्या रिमोटलेही शिवली, पण बटनांसाठी भोकं पाडायची राहून गेली. हे (रेल्वेतून रिटायर झाल्यापासून रिमोट हीच यांची ड्यूटी) अख्खी संध्याकाळ फुलावर अंगठा दाबत बसले अन् शेवटी मेकॅनिक घेऊन आले. त्यानं खोळ काढली, चॅनल लावलं अन् चहा पिऊन गेला. तेव्हापासून हे मले टेलर मास्टर म्हणून राहिले.

पण खरी फजिती थर्मासची. सूनबाईच्या, आपल्या अपर्णाच्या, ऑफिसातल्या मॅडम घरी आल्या होत्या. मी चहा थर्मासात भरून टेबलावर ठेवला अन् स्वयंपाकघरातून साक्षीले आवाज दिला, थर्मासले खोळ घाल. आता आपल्या पोरींले मराठी समजते, पण कान हिंदीचे. तिनं ऐकलं 'खोल'. झाकण काढून ठेवलं. मी पुन्हा ओरडली, अवं खोळ, खोळ. तर पोट्टी म्हणते, "दादी, खोल तो दिया, अब और कितना खोलूँ?" अन् आतलं बूचही काढून मोकळी झाली. मॅडमनं बिचारीनं कोमट चहा गोड मानून घेतला. वर बाजूले पडलेली लाल खोळ उचलून म्हणाल्या, कितनी प्यारी टोपी है, अन् आपल्या लेकराले घालाले घेऊन गेल्या. अपर्णा अजून हसून राहिली.

यांचा तुले जयभीम. साक्षीचा हिंदीतूनच नमस्ते. जिवाले जप ताई, तुझी लई आठवण येते.

तुझी,
सरला

ता. क. : सोबतच्या पार्सलात लांब निळी पिशवी दिसते ना, ती काठीची खोळ आहे. मुठीपाशी कापड दुहेरी घातलं, हाताले टोचणार नाही. खालून उघडी ठेवली, म्हणजे रबर टेकेल अन् तू घसरणार नाहीस. लोक काठीकडे पाहणार नाहीत, कोणी शिवली तेवढंच विचारतील.

आणखी एक : अशा दोन शिवल्या. दुसरी माझी आहे. मलेही डॉक्टरनं काठी सांगितली, यांनी आणूनही दिली, अन् ती आमच्याही दारामागंच उभी आहे. एकटीले लाज वाटते ताई. तू विहारात जायले निघशील तेव्हा फोन कर, मीही इकडं माझी काठी घेऊन निघते.