सासऱ्यांची लेन्स आणि माझा तेजोमेघ

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प: यंदा आकाशाचे फोटो. जुन्या लेन्सला कॅरेक्टर असतं असं वाचलंय. सासऱ्यांच्या कपाटात त्यांच्या फोटो स्टुडिओच्या काळातली एक नुसती पडून होती. काल तिकडे जेवायला गेलो तेव्हा आणली. विचारलं नाही. बाबा झोपले होते, उठवणं बरं दिसलं नसतं.

९ जानेवारी
मृग नक्षत्राचे साठ फोटो लॅपटॉपवर एकावर एक रचले. कडेच्या चांदण्यांना शेपट्या फुटल्यात. हेच ते कॅरेक्टर.
ही म्हणाली, बाबा लेन्स शोधतायत. सांगणारच होतो, पण तोंडात घास होता.

१६ जानेवारी
प्रोसेसिंग करताना एका ठळक ताऱ्याभोवती धूसर पिसारा सापडला. तेजोमेघ! कुठल्याच नकाशात नाही. कॉन्ट्रास्ट वाढवला तर आणखी खुलला. ठरलं. याची मोठी प्रिंट बाबांना द्यायची आणि मग सगळं सांगायचं. रिकाम्या हाताने कबुली देण्यात काय अर्थ आहे?
बाबांनी माळाही उपसला म्हणे.

२१ जानेवारी, दुपार
बाबा आता गॅस बंद केला का ते तीन-तीनदा बघतात. लेन्स कुठे ठेवली तेच आठवत नाही, म्हणजे आपलं डोकं गेलं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. ही त्यांना डॉक्टरकडे नेणार. गाडी मी चालवणार. आज जेवण गेलं नाही. पण आत्ता बोललो तर सरप्राइज जाईल.

२३ जानेवारी
डॉक्टरांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बाबांनी पाचही सांगितले. मला तीनच आठवले. तरी बाबा म्हणाले, आज नशिबाने जमलं. घरी येताच त्यांनी स्कूटरची किल्ली हिच्या हातात ठेवली. मला फार वाईट वाटलं. प्रिंटवाल्याला घाई करायला फोन केला.

२८ जानेवारी
प्रिंट दिली. बाबांनी चष्मा काढून जवळून पाहिली आणि तेजोमेघावर बोट ठेवलं.
"ही बुरशी आहे. माझ्या लेन्समधली. लग्नाच्या फोटोंत दिव्यांभोवती अशीच यायची, लोकांना आवडायची."
चष्मा परत घातला. मग म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."
ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, सरप्राइज होतं. हिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२९ जानेवारी, सकाळी ९
किल्ली परत द्यायला गेलो. बाबांनी घेतली नाही. म्हणाले, राहू द्या, वाटेत रस्ताच विसरलो तर? मी परोपरीने समजावलं. चूक सगळी माझी आहे, असं लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो.
"ते खरंय हो," बाबा म्हणाले, "पण भीती माझी आहे."